ऑक्झेंडनची कबर आणि फिबिसचा शोध: जुन्या दफनभूमींच्या नोंदसेवांचे एक परीक्षण

भारतातील जुन्या युरोपीय दफनभूमींच्या नोंदी घरबसल्या शोधून देणाऱ्या ज्या सेवा आज उपलब्ध आहेत, त्यांत फिबिसचे, म्हणजे ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ या 1998 साली स्थापन झालेल्या ब्रिटनमधील धर्मादाय संस्थेचे नाव सर्वप्रथम घ्यावे लागते. या परीक्षणाचा मुख्य विषय हीच सेवा आहे. मात्र ती एकटीने पुरी पडत नाही, त्यामुळे तिच्या जोडीला वापराव्या लागणाऱ्या इतर सेवांविषयीही लिहिणे भाग आहे. अशा सेवांची परीक्षणे बहुधा आपले ब्रिटिश पणजोबा शोधणाऱ्या लोकांनी लिहिलेली असतात. मराठी वाचकाची गरज वेगळी आहे. त्याला पूर्वज शोधायचे नसून, शिवकालाच्या किंवा पेशवाईच्या वाचनात वारंवार भेटणारा एखादा इंग्रज खरोखर कोण होता, तो कोठे मेला आणि त्याचे पुढे काय झाले, हे जाणून घ्यायचे असते. म्हणून या सेवांची कसोटी पाहण्यासाठी मी मुद्दाम ऑक्झेंडन हे घराणे निवडले.

हे घराणे इंग्लंडातील केंट परगण्यातले, विंगहॅमजवळच्या डीन या गावचे. आपल्याकडे या नावाची ओळख होते ती हेन्री ऑक्झेंडनमुळे. जून 1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा मुंबईच्या इंग्रजांचा वकील म्हणून तो गडावर हजर होता आणि त्याने लिहून ठेवलेला वृत्तान्त हा त्या सोहळ्याचा एक महत्त्वाचा समकालीन पुरावा मानला जातो. परंतु या घराण्याचा सुरतेतील खरा कर्ता पुरुष म्हणजे सर जॉर्ज ऑक्झेंडन. दुसऱ्या चार्ल्सने त्याला 1661 मध्ये ‘सर’ किताब दिला, 1662 मध्ये तो सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष होऊन आला, आणि जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा शहराचा सुभेदार किल्ल्यात दडी मारून बसला असताना वखारीची दारे लावून ती लढवण्याच्या तयारीने उभा राहिलेला अध्यक्ष तो हाच. पुढे 1668 मध्ये मुंबई बेट राजाकडून कंपनीकडे आले, तेव्हा कंपनीच्या अमलाखालचा मुंबईचा पहिला गव्हर्नरही तोच झाला. त्याचा भाचा स्ट्रेन्शॅम मास्टर सुरतेच्या वखारीतच तयार झाला आणि नंतर मद्रासच्या इंग्रजांचा प्रमुख बनला. एका घराण्याच्या दोन पिढ्यांनी पश्चिम किनाऱ्यावर इतका वावर केल्यावर त्यांच्या मरणाच्या नोंदी सहज मिळाव्यात, अशी अपेक्षा कोणीही करील. ती अपेक्षा कोठे पुरी होते आणि कोठे होत नाही, यातच या सेवांचे गुणदोष उघडे पडतात.

सुरतेत कतारगाम दरवाज्याच्या बाजूला असलेल्या इंग्रजांच्या जुन्या दफनभूमीत, आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असलेली, ऑक्झेंडन बंधूंची दुमजली, घुमटाकार समाधी आहे. तिची उंची सुमारे 40 फूट आणि व्यास 25 फूट सांगितला जातो. वरवर पाहणाऱ्याला ती एखाद्या मोगल उमरावाची वाटावी, इतकी तिची घडण इथल्या मातीतली आहे. आधी जॉर्जने आपला भाऊ क्रिस्टोफर याच्यासाठी ती बांधवली. क्रिस्टोफर 18 एप्रिल 1659 रोजी वारला. पुढे 14 जुलै 1669 रोजी जॉर्ज स्वतः सुरतेतच मरण पावला, तेव्हा भावाच्या थडग्यावरच त्याचे अधिक मोठे स्मारक चढवण्यात आले. इंग्रज आणि डच या दोन्ही वखारींत मेल्यानंतरही चढाओढ चालू होती. शेजारच्या डच दफनभूमीतील हेन्ड्रिक व्हान रीडे याचे स्मारक ऑक्झेंडनच्या वरताण व्हावे म्हणूनच इतके भव्य बांधले, असे सांगतात. हा व्हान रीडे म्हणजे मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथाचा कर्ता. डिसेंबर 1691 मध्ये तो मुंबईजवळ समुद्रात जहाजावर वारला आणि त्याचा देह सुरतेत आणून पुरण्यात आला.

क्रिस्टोफरच्या थडग्यावरील लॅटिन मृत्युलेख मुळातून समजून घ्यावा असा आहे, कारण तो सरळसरळ वखारीच्या हिशेबनिसाच्या भाषेत लिहिलेला आहे. त्याचा आशय असा की, या माणसाला आपल्या खात्यावर वर्षे मांडता आली नाहीत, केवळ दिवसच मांडता आले, कारण मृत्यूने त्याला अचानक हिशेबाला बोलावून घेतले. त्यानंतर लेख त्याच्या धन्यांकडे, म्हणजे कंपनीच्या मालकांकडे वळतो आणि तुमचा नफा किती, तोटा किती, असे विचारून स्वतःच उत्तर देतो: तुमचा चाकर गेला, आमचा सोबती गेला, त्याचा प्राण गेला, पण पानाच्या दुसऱ्या बाजूला मात्र तो ‘मरण हा मला लाभच’ असे लिहू शकेल. एवढा मजकूर कोणत्याही दफनाच्या वहीत मावला नसता. नाव, तारीख आणि हुद्दा यांपलीकडचा माणूस कळायचा असेल तर शिलालेखाला पर्याय नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. फिबिसच्या शोधपानावर ऑक्झेंडन हे नाव टाकून 1669 मधील दफनाची धर्मखात्याकडची नोंद शोधणारा निराश होणार, आणि यात फिबिसचा काडीचाही दोष नाही. ईस्ट इंडिया कंपनीचे पाद्री आपापल्या चर्चमधील बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवत असत. त्या नकलांचे खंड आज ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. बंगालच्या नकलांना ‘एन/1’, मद्रासच्या नकलांना ‘एन/2’ आणि मुंबई इलाख्याच्या नकलांना ‘एन/3’ असे क्रमांक आहेत. यांपैकी मद्रासची मालिका 1698 पासून, मुंबईची 1709 पासून आणि बंगालची 1713 पासून सुरू होते, आणि तिन्ही स्वातंत्र्याच्या काळापर्यंत येतात. सुरतेच्या इंग्रज दफनभूमीतील जुनी थडगी 1649 पर्यंत मागे जातात. म्हणजे ऑक्झेंडन बंधू पुरले गेले त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षांनी या नकलांची मालिका सुरू होते. शोधपेटीत नाव टाकून ‘काही सापडले नाही’ असे उत्तर आले की माणूस सेवेला नावे ठेवतो. वास्तविक त्याने आधी मालिकेचे आरंभवर्ष पाहायला हवे होते. फिबिसच्या ‘फिबिविकी’ या मार्गदर्शक कोशात ही माहिती व्यवस्थित दिलेली आहे, आणि माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग शोधपेटी नसून हा कोशच आहे. कोणत्या इलाख्याचे कोणते कागद कोठे आहेत, लष्करातील माणूस कसा शोधावा, रेल्वेतला कसा, पाद्रीची नक्कल आणि चर्चमधील मूळ वही यांत फरक काय, हे सारे तेथे विनाशुल्क वाचायला मिळते. नवख्याने पहिली संध्याकाळ तेथे घालवावी आणि मगच नावे टाकायला बसावे.

सुरतेची अडचण ही, की दगड उभे आहेत पण त्या काळच्या नकला नाहीत. मुंबईत अगदी उलटे घडले. कंपनीच्या मुंबईतील इंग्रजांची पहिली दफनभूमी कुलाब्याच्या बाजूला मेंडॅम्स पॉइंट येथे होती. ‘दोन पावसाळे म्हणजे माणसाचे आयुष्य’ ही म्हण त्या काळच्या मुंबईतील इंग्रजांत रूढ होती आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस येथे आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या पाद्रीने ती नोंदवून ठेवली आहे, यावरून त्या दफनभूमीला किती काम असे ते कळावे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तटबंदीच्या कामांत ती नाहीशी झाली आणि दफने सोनापुरास होऊ लागली. पुढे सोनापुरही अपुरे पडल्यावर 1860 च्या दशकात मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड याच्या कारकिर्दीत शिवडीची दफनभूमी तयार झाली. मेंडॅम्स पॉइंटवरचा एकही दगड आज जागेवर नाही. परंतु 1709 नंतर तेथे पुरल्या गेलेल्या माणसांची नावे ‘एन/3’ च्या पहिल्या खंडांत आहेत, आणि दगडाचा मागमूस नसलेल्या जागेवरची माणसे फिबिसच्या विनाशुल्क शोधात एकेका ओळीने समोर येतात. या सेवेचे खरे कर्तृत्व येथे दिसते. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील मुंबई, ठाणे, पुणे, शिरूर, दापोली, बाणकोट येथील इंग्रजांविषयी काही शोधायचे असेल, तर मी कोणालाही आधी फिबिसकडेच धाडीन.

शोधाचे उत्तर कसे येते तेही सांगायला हवे. ओळीत आडनाव, नाव, घटनेची तारीख, ठिकाण आणि मूळ कागदाचा पत्ता असतो. ‘एन/3’, त्यापुढे खंडाचा क्रमांक, त्यापुढे पान किंवा फोलिओ. शेवटचा हा पत्ता पाहून बरेच जण पुढे सरकतात, पण सगळ्या ओळीत जपून ठेवण्यासारखी गोष्ट कोणती असेल तर तीच, कारण पुढे ब्रिटिश लायब्ररीत किंवा सशुल्क संकेतस्थळावर मूळ पान पाहायचे झाल्यास त्याच पत्त्यावर ते सापडते. ओळीतील मजकूर हा स्वयंसेवकांनी अनुक्रमणिकेवरून किंवा पानावरून उतरवून घेतलेला असतो, त्यामुळे तो सूचक म्हणून वापरावा, पुरावा म्हणून नव्हे. मूळ पानावर बहुधा वय, हुद्दा, पलटण आणि विधी करणाऱ्या पाद्रीची सही असते. क्वचित मृत्यूचे कारणही असते. दफनाची तारीख आणि मृत्यूची तारीख यांची गल्लत करू नये. येथील हवेत प्रेत ठेवणे शक्य नसल्याने दफन त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी होई, तरी थडग्यावर मृत्यूची तारीख आणि वहीत दफनाची, असा एका दिवसाचा फरक पडतो आणि दोन वेगळी माणसे असल्याचा भास होतो.

तारखांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये 1752 पर्यंत जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालू होती आणि वर्ष 25 मार्चला बदलत असे. त्यामुळे सुरतेच्या पहिल्या लुटीची जानेवारी 1664 मधील पत्रे इंग्रजी कागदांत 1663 च्या सालाखाली पडलेली आढळतात, आणि केवळ सालावरून शोधणाऱ्याच्या हाती ती लागत नाहीत. राज्याभिषेकाची 6 जून ही तारीखही त्याच जुन्या गणनेतली आहे. आजच्या गणनेने ती दहा दिवसांनी पुढे जाते. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके 1596 या तिथीत मात्र कोठेच घोळ होत नाही, हे तारीख आणि तिथीच्या वार्षिक वादात पडणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हरकत नाही.

नावांच्या वर्णलेखनाचा त्रास तर कायमचाच आहे. ऑक्झेंडन हेच नाव त्या काळच्या कागदांत मधल्या स्वरात बदल होऊन दोन-तीन तऱ्हांनी येते, आणि थडग्यावरचे रूप पुन्हा लॅटिन. गावांची नावे त्याहून वाईट. खडकीचे ‘किर्की’ आणि ठाण्याचे ‘टॅना’ आपल्याला ओळखू येते, पण बाणकोटसाठी ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ शोधावे लागते हे माहीत नसणारा तेथे एकही इंग्रज मेला नाही अशा समजुतीत राहील. अशा वेळी पूर्ण नाव न टाकता आद्याक्षरांवरून शोधावे, आणि गाव न घालता केवळ साल घालावे. दुसरी अडचण एकाच नावाच्या अनेक माणसांची. या घराण्यात हेन्री हे नाव इतक्या वेळा आले आहे की, रायगडावरचा हेन्री, सर जॉर्जचा थोरला भाऊ सर हेन्री आणि बारहॅमचा चुलतभाऊ हेन्री, ज्याचा पत्रव्यवहार इंग्लंडात प्रसिद्ध झालेला आहे, या तिघांची सरमिसळ सहज होते. कोणतीही शोधपेटी ही गाठ सोडवून देत नाही. तेथे वंशावळ समोर घेऊनच बसावे लागते.

मूळ पानाची प्रतिमा पाहायची झाल्यास खर्चाचा प्रश्न येतो. ‘एन’ मालिकेतील पानांच्या प्रतिमा ब्रिटिश लायब्ररीच्या सहकार्याने ‘फाइंडमायपास्ट’ या सशुल्क संकेतस्थळावर आहेत, तर ‘फॅमिलीसर्च’ या विनाशुल्क सेवेवर भारतातील मृत्यू आणि दफनांची 1719 ते 1948 या काळाची सूची आहे. नुसत्या सूचीवर काम भागत असेल तर पैसे घालवण्याचे कारण नाही. वर्गणी भरायचीच असेल तर आधी फिबिसवरून खंड आणि पानांचे पत्ते गोळा करावेत, सगळी यादी तयार ठेवावी आणि मग एका महिन्याची वर्गणी भरून एका दमात काम उरकावे. मला एका सशुल्क संकेतस्थळाचा अनुभव असा आला की, चाचणीची मुदत संपताच वर्षभराची रक्कम कापली गेली आणि रद्द करण्याचा मार्ग पाच पाने आत लपवलेला निघाला. त्या सेवेचे नाव येथे घेत नाही, पण स्वयंचलित नूतनीकरणाची खूण वर्गणी भरतानाच काढून टाकावी, हा सल्ला सर्वांसाठी आहे. गंमत म्हणजे याच फॅमिलीसर्चने हरिद्वार आणि इतर तीर्थक्षेत्रांतील पंड्यांच्या वह्यांचीही छायाचित्रे घेऊन ठेवली आहेत. त्र्यंबक-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे आपल्या घराण्याची चार-पाच पिढ्यांची नोंद स्वतः पाहिलेल्या मराठी माणसाला पाद्रीच्या वहीचे फारसे अप्रूप वाटणार नाही.

दगडांच्या बाबतीत फिबिसपेक्षा बॅक्सा ही संस्था सरस आहे. ‘ब्रिटिश असोसिएशन फॉर सेमेटरीज इन साउथ एशिया’ हे तिचे पूर्ण नाव. थिऑन विल्किन्सन यांनी 1976 मध्ये ती स्थापन केली. दक्षिण आशियातील पडक्या दफनभूमींच्या दुरुस्तीस ही संस्था अनुदान देते, एकेका दफनभूमीतील शिलालेखांच्या याद्या तयार करते आणि तिचे सर्व दप्तर ब्रिटिश लायब्ररीत ‘एफ 370’ या क्रमांकाखाली ठेवलेले आहे. ‘चौकीदार’ नावाचे तिचे नियतकालिक आहे, आणि त्यात कोरड्या याद्यांऐवजी एखादे थडगे कसे सापडले, कोणी वाचले, कोणी दुरुस्त केले याच्या हकिकती असतात. सुरतेसारख्या ठिकाणी, जेथे पाद्रीची वही मुळातच नाही, तेथे शिलालेखाचे कोणी तरी वेळीच केलेले वाचन हीच दफनाची एकमेव नोंद ठरते, आणि अशी वाचने एकत्र ठेवण्याचे काम बॅक्साने केले आहे. उणीव एवढीच, की फिबिसप्रमाणे नाव टाकून सगळे दप्तर चाळता येत नाही. लंडनला जाऊन फाइल मागवणे किंवा संस्थेला पत्र लिहिणे, असा जुना मार्ग धरावा लागतो. भारतातून काम करणाऱ्याला तो गैरसोयीचा आहे.

तरीही ऑक्झेंडन घराण्याच्या बाबतीत बॅक्सा आणि फिबिस या दोहोंच्या पलीकडे जावेच लागते, कारण मातबर घराण्याचे कागद घराण्याबरोबर राहतात. सर जॉर्जचा खासगी पत्रव्यवहार ब्रिटिश लायब्ररीच्या हस्तलिखित विभागात ‘ॲडिशनल 40696 ते 40713’ या क्रमांकांखाली आहे आणि त्यांत 1660 च्या दशकातील सुरत, कंपनीतील अंतर्गत भांडणे आणि केंटमधील नातेवाईक असा सगळा ऐवज एकत्र आहे. कंपनीच्या चाकरांची मृत्युपत्रे कॅंटरबरीच्या धर्मन्यायालयात सिद्ध होत, आणि ती आता क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘प्रॉब 11’ या मालिकेत मिळतात. मृत्युपत्र हा दफनाच्या नोंदीपेक्षा कितीतरी बोलका कागद असतो, कारण मरताना कोणाला काय द्यावेसे वाटले हे तेथे कळते. ऑक्टोबर 2023 मधील सायबर हल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीची ऑनलाईन सूची दीर्घकाळ बंद होती, तेव्हा फिबिसवरून आधीच उतरवून घेतलेले खंड आणि पानांचे पत्ते किती उपयोगी पडतात हे अनेक अभ्यासकांच्या लक्षात आले. म्हणून संदर्भ आपल्या वहीत स्वतः लिहून ठेवावेत, दुव्यांवर विसंबू नये.

मुंबईकरांना मात्र लंडनच्या तोंडाकडे पाहण्याची तितकीशी गरज नाही, आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत नेमके हेच आढळत नाही. सुरतेच्या वखारीच्या रोजनिशा आणि पत्रव्यवहाराच्या वह्या काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत असलेल्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ए. एफ. बेलासिस या सनदी अधिकाऱ्याने सुरतेतील जुन्या थडग्यांवर लिहिलेले टिपण रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आले होते. टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीने आपला पुष्कळसा संग्रह ‘ग्रंथसंजीवनी’ या संकेतस्थळावर चढवला असून, अशा जुन्या अंकांसाठी आधी तेथे पाहावे. आणि पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने 1931 मध्ये छापलेल्या शिवकालीन इंग्रजी कागदांच्या संग्रहात रायगडच्या वकिलातीची कागदपत्रे आहेतच. या वकिलातीच्या हकिकतीत एक खाटीक येतो. गडावर इंग्रजांना बकऱ्याचे मांस पुरवणारा हा म्हातारा, आपल्या साऱ्या गिऱ्हाइकांनी मिळून कित्येक वर्षांत घेतले नसेल इतके मांस या मोजक्या परदेशी माणसांनी महिन्याभरात फस्त केले, हे ऐकून त्यांना प्रत्यक्ष पाहण्यासाठी गड चढून आला. समाधीच्या चाळीस फुटांनी जे साधत नाही ते या एका प्रसंगाने साधते, आणि ऑक्झेंडन हा खातापिता, रक्तामांसाचा माणूस म्हणून समोर उभा राहतो.

या सर्व सेवांची एक मर्यादा मूळ कागदांतूनच आलेली आहे आणि ती वापरणाऱ्याने आरंभीच समजून घ्यावी. पाद्रीच्या वहीत त्यालाच जागा मिळे, ज्याचा विधी त्या पाद्रीने केला. पोर्तुगीज आणि इतर कॅथलिकांच्या वह्या त्यांच्या चर्चकडे; गोव्यातल्या बऱ्याच जुन्या वह्या पणजीच्या अभिलेखागारात आहेत. आर्मेनियन आणि ज्यू यांची दफने त्यांच्या त्यांच्या समाजाकडे. डचांसाठी हेगचे राष्ट्रीय अभिलेखागार गाठावे लागते, आणि त्यांनी आपल्या कंपनीच्या कागदांच्या प्रतिमा इतक्या उदारपणे विनाशुल्क खुल्या केल्या आहेत की इंग्रजी दप्तरांनी त्यांचा कित्ता गिरवावा. पण ते वाचायला सतराव्या शतकातील डच भाषा आणि अक्षर यावे लागते. वखारीच्या भिंतींआड राहणाऱ्या स्थानिक स्त्रिया मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत ‘देशी स्त्री’ एवढ्याच उल्लेखाने येतात, कित्येकदा तेवढ्यानेही नाही. राज्याभिषेकाच्या वर्षी रायगडावर इंग्रजांचे बोलणे महाराजांच्या दरबारात पोहोचवणारा त्यांचा दुभाषी नारायण शेणवी कोठे आणि केव्हा वारला, हे पाद्रीच्या वहीला विचारून उपयोग नाही. त्याच्यासाठी कंपनीची पत्रे आणि शेणवी घराण्यांचे कागद हाच मार्ग.

फिबिसमध्ये चुकीच्या ओळीवर दुरुस्ती कळवण्याची सोय आहे, आणि लिप्यंतराच्या कामासाठी स्वयंसेवकही संस्था घेते. सध्या हे काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी शिरूर, मालेगाव किंवा असिरगड पाहिलेले नसते, त्यामुळे पाद्रीच्या गिचमिड अक्षरातील गावांची नावे वाचताना ते अडखळतात, आणि एकदा चुकलेले नाव पुढे दहा ठिकाणी उतरते. ज्याला मुंबई इलाख्याचा नकाशा पाठ आहे आणि इंग्रजी हस्ताक्षर वाचता येते, अशा मराठी माणसाने ‘एन/3’ मधला एखादा खंड अंगावर घेतला, तर वर्गणीदारापेक्षा त्याचा उपयोग या सेवेला पुष्कळ अधिक होईल.